पूल शिकायला निघालेला नावाडी

नद्यांवर पूल फारसे नव्हते आणि नदीपलीकडच्या गावालाही लोक परमुलूख म्हणत, त्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका मोठ्या नदीच्या काठी एक घाट होता. माणसं, गुरं, धान्याची पोती या काठाहून त्या काठाला नेणाऱ्या पुष्कळ नावा तिथे होत्या आणि त्या सगळ्या नावा एकाच गृहस्थांच्या होत्या. त्यांना सारा गाव मालक म्हणे. मालक तोंडाचे फटकळ होते, पण मन मोठं. "नावेत पाय टाकला की तो माझा पाहुणा," असं ते म्हणत आणि तसंच वागत.

याच घाटावर हैबती नावाचा नावाडी होता. गावात साथ आली, त्यात त्याचे आईवडील गेले, तेव्हा मालकांनी त्याला उचलून आपल्या घरी आणलं. पोहायला त्यांनीच शिकवलं, वल्हं धरायलाही त्यांनीच शिकवलं. वयात आल्यावर सगुणा नावाची गुणी मुलगी बघून लग्न लावून दिलं. मालकांना मूलबाळ नव्हतं. "माझ्यामागे हा घाट हैबतीच बघणार," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हैबतीच्या हातात वल्हं असलं की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा नावेत निर्धास्त डुलक्या घेत.

एका पावसाळ्यात नदी अशी फुगली, की पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं. नावा बंद झाल्या. अशात पलीकडच्या काठावर एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर तापाने फणफणलेली मुलगी होती, आणि वैद्य होते अलीकडच्या गावात. तो माणूस हाका मारू लागला.

हैबतीने नाव पाण्यात घातली. प्रवाहाने ती काठावर आणून आपटली. त्याने पुन्हा घातली, पुन्हा तेच. तेव्हा मालकांनी त्याचा दंड घट्ट धरला.

"पोरा, आता नको. नाव जाईल, तूही जाशील, आणि ती पोर काही वाचायची नाही."

हाका संध्याकाळपर्यंत येत राहिल्या. मग थांबल्या.

पूर ओसरला आणि गाव आपल्या कामाला लागलं. नदीकाठच्या माणसांना असं विसरावंच लागतं, नाहीतर नदीकाठी राहता यायचं नाही. हैबतीला मात्र विसरता येईना. आपण एवढे नावाजलेले नावाडी, आणि खरी गरज पडली त्या दिवशी आपण काठावर उभे होतो, हे त्याला सलत राही.

हिवाळ्यात एक पाथरवट त्याच्या नावेतून पलीकडे चालला होता. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, "आमच्या राजधानीत एक गुरुजी आहेत. दगडी पूल कसा बांधायचा ते शिकवतात. खाली पाणी कितीही चढू दे, वरून माणूस कोरड्या पायांनी जातो."

हैबतीचं वल्हं थांबलं. "माझ्या वयाच्या माणसाला घेतील का हो ते?"

"वय नाही विचारत. किती वर्षं तग धरशील, एवढंच विचारतात."

त्या दिवसापासून हैबतीच्या डोक्यात तो पूल बसला. त्याने सगुणेला सांगितलं. ती म्हणाली, "मी दळणकांडण करीन, आपलं दोघांचं भागेल. पण मालकांना काय सांगणार?"

तेच तर अवघड होतं. ज्या माणसाने बापासारखं वाढवलं, त्याला कसं सांगायचं की मी तुमचं काम सोडून दुसरं शिकायला चाललो? आणि दुसरं म्हणजे तरी काय, तर नावांची गरजच संपवणारी विद्या! हैबती रोज सकाळी ठरवी, आज बोलायचं. रोज संध्याकाळी तसाच घरी येई. त्यातच मालकांनी एक दिवस सगळ्यांदेखत जाहीर केलं, "येत्या पाडव्याला घाटाचा कारभार हैबतीच्या हाती द्यायचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबती मात्र मान खाली घालून नावेचा दोर गुंडाळू लागला.

त्याचा सोबती म्हादू नावाडी मोठा व्यवहारी. तो म्हणाला, "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? सासरा आजारी आहे म्हणून सांग आणि नीघ. तिकडे जमलं तर राहा, नाही जमलं तर गुपचूप परत ये. इथे जागा राखलेलीच आहे. खरं सांगून बसलास तर दोन्हीकडून जाशील."

हैबतीला ते पटलं. खरं तर पटवून घेणं त्याला सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी मालकांसमोर जाऊन, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मालक, सासऱ्यांचं फार दुखणं आहे. सगुणेला घेऊन जाऊन येतो. किती दिवस लागतील सांगता येत नाही."

मालक झोपाळ्यावरून उठले. खांद्यावरची शाल काढून त्यांनी हैबतीच्या हातात दिली.

"सासरा म्हणजे बापच. ही त्यांच्या अंगावर घाल." मग त्यांनी आत मालकीणबाईंना हाक दिली, "अहो, ऐकलंत का? सुंठ, तूप, जुने तांदूळ बांधून द्या याला." मग हैबतीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इकडची काळजी करू नकोस. पावसाळा लागला तरी घाई करून येऊ नकोस. तुझी मोठी नाव मी स्वतः चालवतो."

मालकीणबाई आतून म्हणाल्या, "अहो, खांदा वर होत नाही तुमचा. पुराच्या पाण्यात वल्हं मारणार?"

"नाव काय परक्याच्या हाती देऊ? हैबती येईपर्यंत मीच."

थाप उघडी पडू नये म्हणून हैबती गाठोडं घेऊन आधी सासऱ्यांच्या गावच्या वाटेने निघाला. सगुणा मागून चालत होती. गावाची शीव आली. त्याच्या डोळ्यांपुढे भर पुरात वल्हं मारणारे मालक दिसू लागले, न येणाऱ्या माणसाची जागा राखणारे. तो मटकन एका दगडावर बसला.

"काय झालं?" सगुणेने विचारलं.

"मी त्यांना फसवलं एवढंच नाही गं," हैबती म्हणाला. "मी त्यांना पुरात लोटून चाललोय."

"मग अजून आपण शिवेवरच आहोत," ती म्हणाली. "फार लांब नाही आलो."

दोघं मागे फिरली.

मालक पुन्हा झोपाळ्यावर येऊन बसले होते. हैबतीने शाल आणि गाठोडं त्यांच्या पायांशी ठेवलं.

"मालक, सासरे ठणठणीत आहेत. मी खोटं बोललो. मला राजधानीला शिकायला जायचंय. शिकायला बरीच वर्षं लागतील, आणि शिकून झाल्यावर मी पुन्हा नावाडी होणार नाही."

"काय शिकायचंय?"

"पूल बांधायला."

झोपाळा थांबला. मालकांचा चेहरा आधी पडला, मग तांबडा झाला.

"वा रे वा! माझ्या घाटावर लहानाचा मोठा झालास, आणि माझ्याच नावा बंद पाडायला निघालास? आणि ते सांगायच्या आधी खोटंही बोलून झालं! काय कमी केलं होतं रे मी तुला?"

"काहीच नाही मालक. म्हणून तर जीभ रेटत नव्हती." हैबती पुढे बोलत राहिला. "त्या पुरातल्या हाका मला अजून ऐकू येतात. तुम्ही माझा दंड धरला, ते बरोबरच होतं. नावेने ते होण्यासारखं नव्हतं. ज्याने होईल ते मला शिकायचंय. मी लगेच जात नाही. पावसाळा काढतो. माझ्या जागी दोन माणसं तयार करून देतो, म्हणजे तुम्हाला वल्हं हातात घ्यावं लागणार नाही. मग जाईन."

मालकांनी पायाशी ठेवलेली शाल उचलून खांद्यावर टाकली. शेवटी म्हणाले, "माणसं तयार कर. पाऊस संपला की चालता हो. आणि पुन्हा या घाटावर पाऊल टाकू नकोस."

पाडवा आला आणि गेला. हैबतीने दोन माणसं निवडली आणि उन्हाळाभर त्यांना नदी शिकवली. कुठे भोवरा धरतो, कुठे वाळू सरकते, पाण्याचा रंग कसा झाला की नाव बाहेर काढायची नाही, काही म्हणजे काही हातचं राखून ठेवलं नाही. मालक त्याच्याशी अवाक्षर बोलत नसत. त्यांच्या त्या मुकाट नजरेखाली काम करणं हैबतीला फार जड गेलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. पण पावसाळा आला आणि पार पडला, आणि त्या साऱ्या पावसाळ्यात एकही नाव उलटली नाही.

जायचा दिवस उजाडला. राजधानीचा रस्ता पलीकडच्या काठावरून जात होता. हैबती आणि सगुणा गाठोडी घेऊन घाटाच्या कडेला उभी राहिली. मालकांचा राग सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी नावाडी पुढे होईना. म्हादूसुद्धा दोर सोडायचं सोडून उगाच त्याच्या गाठी तपासत बसला.

एवढ्यात वरून मालकांचा खणखणीत आवाज आला, "अरे, काठावर माणसं खोळंबलीत, दिसत नाही का? न्या त्यांना पलीकडे!"

मालक स्वतः खाली आले नाहीत. पण नाव पलीकडे लागेपर्यंत ते पाठमोरे झाले नाहीत, हे सगुणेने पाहिलं.

राजधानीतले दिवस सोपे नव्हते. बरोबरीची पोरं हैबतीच्या निम्म्या वयाची. त्यांनी एकदा ऐकलेलं ध्यानात राही, याला दहादा ऐकावं लागे. त्याने रचलेली पहिली कमान आधाराच्या फळ्या काढताच कोसळली. दुसरीही कोसळली. पोरं हसली. गुरुजींनी फक्त, "दगड गोळा करा, पुन्हा रचा," एवढंच म्हटलं.

त्या दिवशी घरी येऊन हैबती म्हणाला, "सगुणे, माझ्याच्याने हे व्हायचं नाही."

"मग कुठे जायचं?" तिने विचारलं.

आणि हैबतीच्या लक्षात आलं, की परत जायला त्याने जागाच ठेवलेली नाही. सासऱ्याच्या दुखण्याची थाप तशीच राहिली असती, तर आज तो मुकाट्याने घाटावर परतला असता आणि जन्मभर मालकांची नजर चुकवत राहिला असता. सकाळी उठून तो पुन्हा दगड रचायला गेला. पुढची कमान थोडी वाकडी झाली, पण उभी राहिली.

वर्षं गेली. हैबती चांगला कारागीर झाला आणि गुरुजींचा उजवा हात बनला. मग राजाने हुकूम काढला, की त्या मोठ्या नदीवर पूल बांधायचा, आणि गुरुजींनी ते काम हैबतीवर सोपवलं.

बातमी घाटावर पोहोचली तसे नावाडी खवळले. "आमच्या पोटावर पाय देणारा पूल आम्ही होऊ देणार नाही," म्हणाले. हैबती पलीकडच्या काठाला येऊन थांबला. घाटावर पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. त्याने निरोप धाडला, "मालकांची भेट हवी आहे."

मालक आता पुरते म्हातारे झाले होते. दोघांनी धरून त्यांना नावेतून आणलं. हैबती पाया पडला. मालकांनी आशीर्वाद दिला नाही, सरळ मुद्द्याला हात घातला.

"पूल झाल्यावर माझ्या माणसांचं काय?"

हैबतीला गोड बोलता आलं असतं. तो म्हणाला, "पूल झाला की नावांना उतारू मिळणार नाहीत, मालक. पण पूल उभा राहायला बरीच वर्षं लागतील. दगड, चुना, लाकूड, सगळं नावांनीच आणावं लागेल, ते काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. आणि ज्याला गवंडीकाम शिकायचं असेल, त्याला मी शिकवीन. यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

 मालकांनी नाव परत वळवायला लावली, आणि तिच्यात हैबतीला आपल्या शेजारी बसवलं. घाटावर सारे नावाडी जमले होते. त्यांच्यापुढे उभे राहून मालक म्हणाले,

"हा माणूस मला सोडून गेला, त्याचं दुःख मला अजून आहे. पण जाताना खरं सांगून गेला, आणि आपली जागा भरून गेला. आजही वाईट बातमी न लपवता सांगतोय. पूल होईल म्हणतो, तर होईल. नावा जातील म्हणतो, तर जातील. आता भांडण्यात वेळ घालवू नका, तयारीला लागा."

पुलाचं काम सुरू झालं. नावा दगड वाहू लागल्या. कित्येक नावाडी हळूहळू गवंडी झाले, काही मासेमारीला लागले, काही खालच्या अंगाच्या घाटांवर गेले. सगळ्यांचं सगळं सुरळीत झालं असं नाही, पण उपाशी कुणी राहिलं नाही.

पूल झाला त्या दिवशी मालक काठी टेकत टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. हैबती शेजारून चालत होता. मध्यावर थांबून मालकांनी खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आयुष्य गेलं या नदीवर, पण उभं राहून अशी कधी बघितली नव्हती."

पुढे त्या गावाला एक वळणच पडलं. कुणाला चालू काम सोडून दुसरं काही शिकायला जायचं असलं, की तो आधी आपल्या धन्याला जाऊन सांगे. धनी थोडा वेळ रागावे, मग विचारी, "निघतोस कधी? आणि तुझ्या जागी कोण?"

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: नव्या वाटेने जरूर जावं, पण ज्याच्या आधाराने इथवर आलो त्याला खरं सांगून आणि आपली जागा भरून जावं.