गुलाबांच्या जागी वाळा

थप्, थप्. गढूळ पाणी गाळून झाले की आई फडके दगडावर आपटत असे. लहानपणीचा तो आवाज एका वृद्ध माळ्याच्या कानातून कधी गेला नाही; सगळे त्यांना बुवा म्हणत. त्यामुळे कुणाची बाग पाहायला गेले, की फुलांआधी ते विहिरीची चौकशी करीत.

एकदा त्यांचा शिष्य भानुदास त्यांना आपली पहिली बाग दाखवायला घेऊन गेला. एका व्यापाऱ्याने उतारावर नवे घर बांधले होते. आठ दिवसांनी तिथे मुलीचे लग्न होते. बाग पाहुण्यांच्या नजरेत भरली, तर भानुदासला कायमचे काम मिळणार होते. म्हणून त्याने उतारावरचे सगळे गवत खरवडले होते, पालापाचोळा झाडून जमीन लखलखीत केली होती आणि कुंपणापर्यंत फुललेल्या गुलाबांना मूठमूठ खत घातले होते.

बुवांनी गुलाब पाहून मान डोलावली. मग विचारले, "विहीर कुठं आहे?"

"कुंपणापलीकडं, दुर्गाकाकूंची. चार घरं तिथलंच पाणी पितात."

बुवांनी कुंपणावरून वाकून विहिरीत पाहिले. मग कुदळ मागितली आणि कडेची गुलाबांची अर्धी रांग उकरून काढली. ती रोपे छाटून त्यांनी वरच्या सपाट जागेत लावली. मोकळ्या जागी उताराला आडवा चर खणला आणि चराच्या काठाने, ओढ्यावरून आणून, खोल मुळांच्या वाळ्याच्या गवताची ठोंबे रोवली.

"बुवा, लग्न आठ दिवसांवर आलंय," भानुदास कळवळून म्हणाला. "छाटलेली झाडं फुलायची कधी? माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही."

तेवढ्यात व्यापारी बाहेर आला. "गवतच बघायचं असतं, तर मी म्हैस नसती का पाळली? माळी कशाला ठेवला असता?"

"जरा थांबा, शेठजी," बुवा म्हणाले.

त्यांनी भानुदासला पाइप धरायला सांगितला. चर अजून पोचला नव्हता त्या बाजूला पाणी सोडताच ते माती आणि खताचे पांढरे दाणे घेऊन कुंपणाखालच्या मोरीतून थेट विहिरीकडे धावले. मग पाइप चराच्या बाजूला नेला. पाणी चरात उतरले, थबकले आणि हळूहळू मुरले.

बुवा सावकाश बोलू लागले. "बाळा, विहिरीत हिरवं शेवाळ दाटलंय. तुझ्या खतावर पोसलंय ते. गवत काढलंस, पाला काढलास, मग पाण्याला धरून ठेवायला काय उरलं? खत थोडं घाल, मुळाशी घाल, वर माती ओढ. उतार उघडा ठेवू नकोस. बाग कुठवर आहे ते कुंपणावरून ठरवू नये. तिचं पाणी जिथवर जातं, तिथवर ती आपलीच."

भानुदासने पाइप खाली ठेवला, कुदळ उचलली आणि उरलेली रांग स्वतःच उकरायला घेतली.

"लग्नात हे फुलांसारखं दिसेल का रे?" व्यापाऱ्याने विचारले.

"नाही दिसणार, शेठजी," भानुदास न थांबता म्हणाला. "काम दुसऱ्याला द्यायचं तर द्या. पण चर पुरा करूनच जाईन मी."

व्यापाऱ्याने मोरीकडे पाहिले. मग वाकून त्याने उकरलेला एक गुलाब मातीच्या गड्ड्यासकट दोन्ही हातांनी उचलला आणि पांढऱ्या धोतराला चिखल लागत असतानाच वरच्या वाफ्याकडे चालू लागला.