ऐतीबाईची एवढी एक ओळ

ही गोष्ट खरी आहे. भीमदेवाची आण घेऊन सांगतो. म्हणजे आण सगळ्या गोष्टीवर नाही. ऐतीबाई खरी, तिची ढोली खरी, उंदीर तर शंभर टक्के खरे. मधल्या काही जागा ज्यांनी पाहिल्या ते आता नाहीत, आणि जे आहेत त्यांनी त्या पाहिल्या नाहीत, एवढंच. बाकी खरी.

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे कॅसेट जुनी झाली होती आणि मोबाईल यायचा होता त्या मधल्या काळात, डोंगराच्या मांडीवर बेलपोड नावाचं कोलामांचं एक पोड होतं. पोड म्हणजे वस्ती. त्या पोडात जंगू टेकाम राहायचा आणि त्याची बायको ऐती राहायची. जंगूला दोन कामं यायची. बांबू तोडून त्याच्या कामट्या काढणं, आणि ऐतीशी भांडणं. दोन्ही तो मन लावून करायचा.

ऐतीला विणता यायचं. असं म्हणतात की तिच्या टोपलीत पाणी भरलं तर ते घर येईपर्यंत गळायचं विसरायचं. असंही म्हणतात की तिने एकदा सासूच्या तोंडाला झाकण विणलं, आणि ते अगदी बरोबर बसलं. सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वीण चांगली हाय."

एका वर्षी डोंगरावरच्या बांबूला फुलोरा आला. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो. एक मरत नाही, सगळा डोंगर मरतो. जंगू कोयता घेऊन वर गेला आणि तसाच खाली आला. बांबू उभा होता, पण हात लावला की पापडासारखा मोडत होता. जमिनीवर त्याचं बी पडलं होतं, तांदळासारखं, घोटाभर. ते खायला उंदीर आले. आधी थोडे आले, मग त्यांचे पाहुणे आले, मग पाहुण्यांना तिथेच लेकरं झाली. बांबूचं बी संपलं की हे सगळे पोडाकडे वळणार, हे पोडातल्या कुत्र्यांनासुद्धा कळलं होतं. कुत्री शेजारच्या गावी निघून गेली.

पोडाची बियाण्याची ज्वारी पेरणीपर्यंत जपायची होती. ती गेली तर पेरणी गेली, आणि पेरणी गेली तर सगळं पोड उठून परक्या गावात विटा थापायला जाणार. ज्वारी ढोलीत ठेवतात. ढोली म्हणजे तुमची कणगी, बांबूची विणलेली, माणसाहून उंच. जुन्या ढोल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. नव्या विणायला बांबू नव्हता.

पोडाचा नाईक होता पैकू. त्याने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "बांबू नाही, तं ढोली नाही. देवाले हात जोडा."

ऐती म्हणाली, "बांबू मेला, नाईकबाबा. हात कुठं मेले?"

दुसऱ्या दिवशी तिने जंगूला बाजाराच्या गावी पाठवलं. तिथे टेप दुरुस्त करणारा एक माणूस दुकान बंद करून भजी विकायला लागला होता. त्याने जंगूला बिघडलेल्या कॅसेटींचं पोतंच्या पोतं देऊन टाकलं, वर भजी दिली. जंगूने खताच्या पोत्यांच्या पट्ट्या गोळा केल्या, सायकलच्या फाटक्या ट्यूबा घेतल्या, आणि टेलिफोनच्या पडलेल्या खांबावरची तार गुंडाळून आणली. सगळं ऐतीसमोर ओतलं.

पैकू नाईक पाहायला आला. त्याने एक फीत काढून वास घेतला. म्हणाला, "ऐते, आपले आजे-पणजे दरसाली ढोलीपाशी येतात. पाहतीन तं काय पाहतीन? प्लास्टिक? वळखतीन का ते?"

"वीण वळखतीन," ऐती म्हणाली. "वीण त्यायनं शिकवली. बांबू त्यायनं नाही देला, डोंगरानं देला होता. आता डोंगर नाही देत, तं भजेवाला देते."

नाईकाने फीत परत ढिगात टाकली. पण जाताना जंगूला हळूच म्हणाला, "भजे उरले हायत का?"

मग ऐती विणायला बसली. सगळ्या पोडाची ज्वारी मावायची, म्हणजे ढोली केवढी! एवढी मोठी ढोली बाहेरून विणता येत नाही. विणणारी आत बसते, भिंत तिच्याभोवती चढत जाते. लोक वरून ज्वारी ओततात, ती ज्वारीवर बसून वर वर येते. मग ढोलीचा गळा बारीक व्हायला लागला की ती बाहेर उडी मारते आणि तोंड बाहेरून बंद करते. पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं होतं.

ऐतीने उभ्या तारा आणि पोत्यांच्या पट्ट्या लावल्या आणि आडवी फीत घातली. काळीभोर, चकचकीत फीत. एक वर, एक खाली, दोन सोडून एक. आजीची वीण, पण अंगावर नवं लुगडं नेसल्यासारखी. पोडातल्या बाया काम सोडून बघत राहिल्या. जंगू बाहेरून फीत पुरवत होता. तिचा हात इतका भरभर चालला होता की, असं म्हणतात, त्या वाऱ्याने चूल पेटली.

गळा बारीक व्हायला लागला. जंगू म्हणाला, "ऐते, नीघ आता."

"निघतो. एवढी एक ओळ होऊ दे."

गळा टोपलीएवढा झाला. "ऐते!"

"एवढी ओळ!"

गळा तांब्याएवढा झाला. जंगूने त्यातून आत पाहिलं. आतून ऐतीने बाहेर पाहिलं. दोघांना एकाच वेळी कळलं.

चूक अशी झाली होती. बांबूची कामटी संपते. हात-दोन हात विणलं की ती संपतेच. मग विणणारी थांबते, उठते, कंबर धरते, नवऱ्याला दोन शिव्या देते, आणि दुसरी कामटी घेता घेता बघते की आपण कुठवर आलो. उठायचं कधी हे आजे-पणज्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण ते बांबूतच होतं. फीत मात्र संपत नाही. एक संपली की जंगू तिला दुसरी गाठ मारून देत होता, नवऱ्याने केलेली ती सगळ्यात मोठी मदत होती. ऐती एकदाही उठली नाही.

जंगूने कोयता उचलला.

"हात लावशीन तं पाह्य!" ऐती आतून ओरडली. "ज्वारी सांडली तं उंदरायले पंगत."

"मंग तू कशी निघशीन?"

"पेरणीले ढोली उघडतेच नं? तवा निघीन."

जंगूने डोंगराकडे पाहिलं. डोंगराचा उतार हलत होता. तो उतार नव्हता, उंदीर होते. त्याने कोयता खाली ठेवला. आयुष्यात त्याला एवढी जड वस्तू कधी खाली ठेवावी लागली नव्हती, असं म्हणतात.

मग तो ढोलीपाशीच राहिला. पपईच्या पानाचा पोकळ दांडा गळ्यातून आत घालायचा आणि त्यातून आंबील ओतायचा. भांडण आधीसारखंच चालायचं. फक्त आता तो भांडता भांडता हसायचा ते तिला दिसत नव्हतं. आणि ती आतून गप्प व्हायची तेव्हा का गप्प झाली ते त्याला दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी उंदीर आले. पोडातले लोक माळ्यांवर चढले. जंगू काठी घेऊन ढोलीसमोर उभा राहिला. पहिला उंदीर त्याच्या दोन पायांमधून गेला आणि ढोलीवर चढला. त्याच्या नखांनी फीत घासली, आणि ढोली बोलली.

असं म्हणतात की आधी ती एका लग्नातलं बोलली. "नवरदेवाकडच्या मंडळींनी जेवायला बसून घ्यावं," ढोली म्हणाली. उंदरांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण नवरदेवाकडचे की नवरीकडचे, हे त्यांना ठरवता येईना. तरी बरेचसे रांगेत बसले. मग आणखी उंदीर चढले आणि दुसरी फीत घासली गेली. ती कुठल्या तरी पुढाऱ्याच्या भाषणाची होती. भाषण लांबलं. विकासाचा मुद्दा आला तोवर पुढचे उंदीर पेंगले, मागचे त्यांच्या अंगावर पेंगले. सकाळी सगळे उठले आणि मान खाली घालून निघून गेले. कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. पण त्या वर्षी शेजारच्या तालुक्यात पुढाऱ्याच्या सभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली, आणि भाषण संपेपर्यंत कुणीही उठलं नाही.

बियाणं वाचलं. पेरणीचे दिवस आले.

ढोलीच्या बुडाशी चिंधीचा बोळा कोंबलेलं एक भोक असतं. पैकू नाईकाने पूजा केली आणि बोळा ओढला. ज्वारी धो धो बाहेर आली. घराघराने आपली टोपली भरली. जंगू टोपलीही न घेता भोकापाशी बसला होता. ज्वारी खाली येतेय, म्हणजे ऐतीही खाली येतेय. त्याने तिच्यासाठी नवी चोळी घडी करून मांडीवर ठेवली होती.

शेवटचा दाणा बाहेर आला. ऐती आली नाही.

जंगूने कोयत्याने भोक मोठं केलं आणि डोकं आत घातलं. ढोलीच्या भिंतीच्या आत आणखी एक भिंत विणलेली होती. लुगड्याच्या धाग्यांची, आंबिलीच्या वाळलेल्या दांड्यांची, उंदरांच्या मिशांची, स्वतःच्या केसांची. नाईकानेही डोकं घातलं. तो बोटांनी वीण चाचपत राहिला. मग बाहेर येऊन मातीत बसला.

"ही वीण माही आजी बोटानं हवेत दाखवाची," तो म्हणाला. "तिनं बी तिच्या आजीपासून आइकली होती. विणलेली कोणीच पाह्यली नव्हती." आणि त्याने खताच्या पोत्याच्या पट्टीला डोकं टेकवलं.

जंगूला वीण दिसत नव्हती. तो ओरडला, "ऐते! आली पेरणी! नीघ!"

आतून, खूप आतून, आवाज आला. "आली! एवढी एक ओळ होऊ दे!"

त्याने ती भिंत कापली. तिच्या आत तिसरी होती. ती कापली, चौथी होती. आवाज तेवढ्याच अंतरावर राहिला. "कापू नोको ना रे बापा," ऐती म्हणाली, "तेवढंच काम वाढते!"

जंगूने कोयता टाकला आणि ढोलीला पाठ टेकून बसला. त्याला भूक लागली नाही, रडूही आलं नाही. तो विचार करत राहिला. जंगूला विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. मग तो उठला, आणि घरातली एक दोरी घेऊन तिचे हातभर लांबीचे तुकडे केले. एक तुकडा गळ्यातून आत सोडला. आतून कुणीतरी तो ओढून घेतला.

लांब फितीने ती आत अडकली होती. आता तो तिला संपणारे धागे देणार होता. धागा संपेल, ती थांबेल, दुसऱ्यासाठी वर बघेल, आणि कधीतरी एकदा तिला जंगू दिसेल.

त्या दिवसापासून जंगू हेच करत राहिला. मिळेल ते आणायचा, हातभर कापायचा, आत सोडायचा आणि म्हणायचा, "ऐते, ऊठ." असं म्हणतात की एकदा खरंच एक हात बाहेर आला होता, बांगड्यांसकट. जंगू तेव्हा तंबाखू मळत होता. वर बघेपर्यंत हात आत गेला. जंगूने तंबाखू सोडली, आणि पुन्हा मान खाली घातली नाही.

डोंगरावर नवा बांबू आला, उंच झाला. जंगूच्या मिशा पांढऱ्या झाल्या. एका सकाळी लोक उठले तर जंगू जागेवर नव्हता. ढोलीचा गळा थोडा रुंद झाला होता. एखादा वाळकुडा म्हातारा आत जाईल इतपत. आणि आतून दोघांच्या भांडणाचा आवाज येत होता, असं म्हणतात. ढोलीला कान लावला तर आजही येतो. शब्द कळत नाहीत, पण कोण चुकलं ते कळतं.

आता बेलपोडातल्या पोरी बांबूत वायरी विणतात, फिती विणतात, मोबाईलचे तुटके चार्जर विणतात. वीण तीच, दोन सोडून एक. त्यांची कामं मोठ्या शहरांतल्या कलादालनांत लागतात आणि लोक हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभे राहतात. पण विणणारी एकटी कधी बसत नाही. तिच्याशेजारी एक माणूस बसवतात. त्याने विणायचं नाही, मदत करायची नाही. प्रत्येक धागा हातभर कापून द्यायचा, आणि मधून मधून तिच्या नावाने हाक मारून म्हणायचं, "ऊठ." याला जंगू बसवणं म्हणतात. एका शहरातल्या साहेबांनी विचारलं होतं, "हे गृहस्थ नक्की काय करतात?" पोरगी म्हणाली, "ते नसते तं मी तुमाले भेटली नसती."

आणि ती जुनी ढोली पोडातच आहे. तिच्या गळ्यातून रोज कुणी ना कुणी एक तुकडा आत सोडतं. तो आत ओढला जातो. इतक्या वर्षांत एकही परत आलेला नाही. गोष्ट ऐकली की धागा द्यायचा, अशी इथली रीत आहे, आणि आत आता दोघं आहेत, म्हणून दोन.

तर काढा. पैसे नकोत, पैसे विणता येत नाहीत. बुटाची नाडी चालेल, पिशवीचा बंद चालेल. तुमच्या गळ्यातली ती गाणी ऐकायची वायरही चालेल. अहो, घाबरता काय? सगळी नाही घेत. हातभरच कापू.