मुलांनी फिरवलेली पाठ

“पण बुवा, कथा वाचतंय कोण? मी की ती?”

श्रीकरने हे विचारले तेव्हा निरंजनबुवा मठाच्या वाचनालयात एका फाटक्या पुस्तकाला कव्हर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तू,” ते म्हणाले.

“मग मुलं तिच्याकडे का बघतात?”

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयात रोज संध्याकाळी मुलांसाठी कथावाचन असे. वाचायचा मान बुवांच्या तरुण शिष्याचा, श्रीकरचा. त्याचा आवाज गोड होता आणि दुर्दैवाने ते त्याला ठाऊक होते. यंदा बुवांनी वाचन माडीवरून खाली ओसरीवर आणले, म्हणजे चाकांच्या खुर्चीतल्या मुलांनाही येता येईल. तिथवर श्रीकरने सोसले. मग गावातल्या कर्णबधिर शाळेची मुले येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बाई, कुमुदताई.

श्रीकर वाचायचा आणि त्याच्या शेजारी बसून कुमुदताई तीच कथा हातांनी सांगायच्या. कोल्हा आला की बोटांचे कान व्हायचे. पूर आला की दोन्ही हात ओसरीभर वाहायचे. बघता बघता ऐकू येणारी मुलेही त्यांचेच हात पाहू लागली.

श्रीकरच्या पोटात दुखू लागले. औषधाने जाणारे ते दुखणे नव्हते.

“तिला मागच्या खांबापाशी बसवू या,” तो म्हणाला. “ज्यांना गरज आहे ती मुलं तिकडे बसतील. बाकीची माझ्यासमोर.”

बुवांनी कव्हरची घडी बोटाने दाबली.

“बसव,” ते म्हणाले.

इतक्या सहज होकार मिळेल असे श्रीकरला वाटले नव्हते. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी कुमुदताई मागच्या खांबापाशी जाऊन बसल्या. श्रीकरने पुस्तक उघडले, घसा साफ केला आणि पहिले वाक्य वाचले.

पुढे बसलेली मुले जागच्या जागी वळली. सगळी. चाकांची खुर्चीसुद्धा करकरत वळली. श्रीकरसमोर आता नुसत्या पाठी आणि वेण्या होत्या.

तो वाचायचा थांबला...

मागे कुमुदताईंचे हातही थांबले.

बुवा दाराशी उभे होते. श्रीकर उठून त्यांच्याकडे गेला.

“मला तिचा हेवा वाटतो, बुवा. फार वाटतो. ती नसती तर बरं झालं असतं, असंही वाटतं.”

“दिसतंय.”

“माझं ऐकायला इथं कुणी उरलं नाही. आता मी वाचू तरी कुणासाठी?”

बुवांनी खांबाकडे बोट दाखवले. कुमुदताई हात तसेच हवेत धरून, कान पुढे करून, वाट पाहत बसल्या होत्या.

“कुमुदसाठी वाच,” बुवा म्हणाले. “या ओसरीवर तुझा शब्दन्‌शब्द ऐकणारी ती एकटीच आहे.”