सखाहारीचं पान

भैरोबाच्या देवळावर अजून कौलंही चढली नव्हती, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या आपल्या याच घोटणवाडीत सखाहारी नावाचा माणूस राहत होता. त्याची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा त्याने भैरोबाला नवस केला, आणि ती सुखरूप सुटल्यावर गोठ्यातला सगळ्यांत देखणा गोऱ्हा वळू म्हणून देवाच्या नावाने मोकळा सोडला. पांढराशुभ्र, भरल्या वशिंडाचा तो मोत्या. गावाने गुलाल उधळला. त्याचे पाय मात्र कुणी उचलून पाहिले नाहीत, सखाहारीनेसुद्धा नाही.

मोत्याचे खूर पिवळट आणि मऊ होते. वाडीतल्या सगळ्या गाई त्याच्यापासून गाभण राहू लागल्या, आणि वासरं अशी देखणी की दृष्ट लागावी. पण आपला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. श्रावण लागला की त्या वासरांचे खूर फुगायचे, बेचक्यात चिघळायचे, अळ्या पडायच्या. चिखलात बसलेलं जनावर पुन्हा उठायचंच नाही. सखाहारी त्यांचे पाय धुवायचा, करंजाचं तेल लावायचा आणि रडायचा, कारण दोष कुठून आला हे त्याला कळून चुकलं होतं.

मोत्याला बडवून खच्ची करू द्या, त्याचा वंश इथेच थांबू द्या, म्हणून तो घरोघर विनवत फिरला. देवाच्या वळूला हात लावायचा? गाव ऐकेना.

"मीच सोडला, मीच चुकलो," तो देवळापुढे म्हणाला. "पण देवाला तरी पांगळी गुरं कशाला पायजेत?"

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या हाताने मोत्याला बडवलं, आणि गावाने त्याला वाळीत टाकलं. बायको लेकराला घेऊन दारात उभी राहिली, पण त्याच्यामागे गेली नाही. गेली असती तर लेकरूही वाळीत पडलं असतं.

तो वर कातळावर जाऊन राहिला. तिथे त्याला काळ्या खुरांची एक गाभण गाय भेटली. ती भैरोबानेच धाडली, असं म्हणतात. तिच्या वंशातला एकेक गोऱ्हा तो ओल्या कातळावरून चालवायचा. घसरला तो बडवायचा, आणि ज्याच्या खुराखाली ठिणगी उडेल तोच वळू ठेवायचा. भर पावसात ठिणगी उडायची, असं म्हणतात. अशी वर्षं गेली. बायको गेली तेव्हा खालच्या सरणाचा धूर त्याला वरून दिसला, पण कुणाचं सरण ते सांगायलाही कुणी आलं नाही.

मग एका वर्षी पाऊस थांबेचना. वाडीत एकही जनावर पायावर उभं राहिलं नाही, भाताची आवणी राहिली, चुली विझल्या. तेव्हा काळ्या खुरांचा अख्खा कळप धुक्यातून खाली आला, जिथून शेळीही उतरत नाही त्या कड्यावरून, आणि त्याच्यामागे माणूस नव्हता. गाव वर धावलं. सखाहारी झोपडीत मरून पडला होता. चिखलात उभं राहून राहून त्याच्याच पायांची बोटं सडून गेली होती.

वाळीत टाकलेल्याला परत घ्यायचं तर त्याने पंगतीला बसून गावाबरोबर घास खायला हवा, अशी आपली रीत. लोकांनी त्याच्यापुढे पान मांडलं. त्याला वाळीत टाकणारा म्हातारा कारभारी हात जोडून म्हणाला, "सखाहारी, एक घास घे, बाबा."

आजही देवाला गोऱ्हा सोडायचा तर आधी त्याचे चारी पाय उचलून गावाला दाखवावे लागतात. आणि पोळ्याच्या पंगतीत पहिलं पान सखाहारीचं असतं. त्यावरचा भात निवेपर्यंत कुणी घास उचलत नाही. मग वाडीतलं सगळ्यांत जुनं माणूस उठतं आणि सांगतं, की आला नाही, अजून वाळीतच आहे. मग आपण खाली मान घालून जेवतो.