चौथी जागा

“भिंत मीच बांधली, बाबा. मग तिला भोक होतं हे मीच जगाला कशाला सांगू?”

तळ्याकाठी हुसेनशा फकिराचा मठ होता. एकच लांब खोली. चादरी टांगून फकिरांनी तिच्यात वाटसरूंसाठी सात जागा केल्या होत्या. विचारणारा श्रीयाळ, शहरातला नावाजलेला इंजिनिअर. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात तो शेकडो छोटे कॉम्प्युटर वसवायचा. दोघांमधली भिंत त्यानेच रचलेली, म्हणून प्रत्येकाला वाटायचं, इथे आपण एकटेच आहोत.

“म्हणजे माझ्या खोलीसारखंच,” फकीर म्हणाले.

“तसंच. एक गेला की त्याची जागा दुसऱ्याला.”

“मधे पुसता?”

“तेवढंच राहिलं. जागा रिकामी झाली अशी खूण व्हायची, पण आधीच्याचं लिहिलेलं तसंच राहायचं. नव्याला ते वाचता यायचं. आता मी ते भोक बुजवलंय. कुणालाच कळलेलं नाही. सांगितलं तर दहा वर्षांत कमावलेलं नाव जाईल.”

“नाव! माझं तर इथल्या मांजरालाही ठाऊक नाही, बेटा.”

तळ्यावर ऊन झोपल्यासारखं पडलं होतं. वारा नव्हता, तरी चादरी हलत होत्या.

मठाची एक रीत होती. वाटसरू उठून गेला की फकीर त्याच्या जागी जाऊन बसत. बराच वेळ. मग पाणी शिंपडत आणि तेव्हाच ती जागा दुसऱ्याला देत.

“ती चौथी रिकामी दिसतेय,” श्रीयाळ म्हणाला. “मी पडू का जरा?”

फकीर अजून तिथे बसले नव्हते.

“रिकामी?... पड.”

श्रीयाळ चादरीआड गेला.

“बाबा... इथे ऊब आहे.”

“अजून?”

“औषधाचा वास. उशी ओली आहे. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून रडलंय.”

“ओळखीचा आहे?”

“नाही.”

“मग त्याचं रडणं तुझ्याकडे कसं आलं?”

श्रीयाळ बाहेर आला. त्याला फकिरांकडे बघवेना.

“भोक खरंच आहे का, हे बघायला मी एकदा वाचलं होतं. एका दवाखान्याचे कागद होते. एका बाईचा आजार. नवऱ्याला कळू देऊ नका, असं तिनं डॉक्टरांना सांगितलेलं.”

“तिचं नाव आठवतं?”

“विसरता येत नाही. तिचं नाव...”

फकिरांनी आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला. हात थंड होता, तळ्याच्या पाण्यासारखा.

हात दूर झाला तेव्हा श्रीयाळने फोन काढला.

“सगळ्यांना कळवतो, बाबा. काय लिहू? भिंत बांधताना माझी चूक झाली, असं?”

“चूक कुणाचीही होते,” फकीर म्हणाले. “तू वाचलंस, हे लिही.”