घाटापलीकडची तालीम

घाटाखालच्या एका गावात हैबती नावाचा एक पैलवान होता. अंगाने धिप्पाड, स्वभावाने उतावळा. यात्रेच्या कुस्त्यांत तो सलग तीन वर्षं चीतपट झाला होता. चौथ्यांदा हरलो तर गावाला तोंड दाखवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

गावात भिकू वस्तादांची तालीम होती. वस्ताद म्हणाले, "पहिलं वरीसभर पाय पक्के करू. अंग दुखलं की थांबायचं. घाई केलीस तर गुडघे जातील."

"तोवर यात्रा होऊन जाईल की!" हैबती म्हणाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो तडक घाटापलीकडच्या तालमीत गेला. तिथला वस्ताद महिन्याभरात मल्ल घडवतो, अशी ख्याती होती.

भर दुपारची वेळ होती. कुस्तीच्या मातीच्या हौदाभोवती वीस तरणे पैलवान जोर मारत होते. एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. एकाच्याही कपाळावर घाम नव्हता. हैबतीच्या अंगावर काटा आला, पण त्यांचे दंड बघून त्याला भूल पडली.

वस्तादाने त्याच्याकडून एकवीस जोर काढून घेतले. एकविसाव्या जोराला हैबतीला वाटलं, आता समोरचं झाडसुद्धा उपटून टाकावं.

"यात्रा तुझीच," वस्ताद म्हणाला आणि त्याने एक लाल लंगोट पुढे केला. हैबतीने तो हातात घेतला. तो आधीच त्याच्या मापाचा शिवलेला होता.

हैबतीच्या गावची एक रीत होती. नव्या तालमीत आलं की आधी तिथल्या सर्वांत जुन्या पैलवानाच्या पाया पडायचं. त्याने विचारलं, "इथला जुना पैलवान कोण?"

 वस्तादाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक वाकलेला, पांढऱ्या केसांचा म्हातारा थरथरत्या हाताने मातीवर पाणी शिंपडत होता.

हैबती वाकला. "बाबा, किती वर्षं झाली इथं?"

"दोन सरली."

"आणि वय?"

"येत्या शिमग्याला चोवीस."

हैबतीने दचकून वर पाहिलं. म्हाताऱ्याचे कान पैलवानासारखे चुरगळलेले होते. मनगटावर विंचू गोंदलेला होता. दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेत याच हाताने हैबतीला मातीत दाबलं होतं.

"पळ," म्हातारा पुटपुटला.

मागे वीसही पैलवान एकदम थांबले आणि मान वळवून हैबतीकडे बघू लागले. हैबती लंगोट टाकून पळत सुटला. घाटातल्या ओढ्यावर पाणी प्यायला वाकला, तर त्याच्या काळ्याभोर मिशीत एक केस पांढरा झालेला दिसला.

तो थेट भिकू वस्तादांच्या तालमीत आला. तिथले सर्वांत जुने पैलवान धोंडीबा, वय वर्षं सत्तर, बैठका मारत होते. धापा टाकत होते, घामाने निथळत होते. त्यांना पाहून हैबतीला रडूच कोसळलं. तो पाया पडायला वाकला.

"पाया मागनं पड," धोंडीबा म्हणाले. "आधी धा बैठका मार बघू."

त्या वर्षी यात्रेत हैबती चौथ्यांदा हरला. पण तोंड न लपवता, स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. मिशीतला तो एक केस मात्र पुन्हा काळा झाला नाही.

तात्पर्य: वस्ताद निवडताना त्याचे आजचे पैलवान बघून भुलू नये, त्याच्या कालच्या पैलवानांचं काय झालं, ते आधी विचारावं.