बिनप्रश्नांचा तास

"म्हणजे शिकवायचं की नाही, महाराज? हो किंवा नाही, एका शब्दात सांगून टाका!"

श्रीपाल मगदूम सर इतक्या जोरात बोलले, की बस्तीच्या छपरावरची पारवी उडाली. बस्ती म्हणजे गावातलं जैन मंदिर. चातुर्मासासाठी धृतिसागर महाराज तिथं उतरले होते. दिगंबर मुनी. अंगावर वस्त्र नाही, हातात मोरपिसांची पिच्छी आणि शेजारी कमंडलू, एवढाच काय तो संसार.

महाराजांनी पिच्छीनं पाटावरची मुंगी अलगद बाजूला केली.

"काय शिकवायचं?"

"सगळे धर्म! आपला, हिंदूंचा, मुसलमानांचा, बौद्ध, ख्रिस्ती, शीख, पारशी, ज्यू... जगातला एकही सोडणार नाही. दर शनिवारी एक तास."

मगदूम सर माणगोळीच्या हायस्कूलचे हेडमास्तर. कृष्णाकाठच्या या गावात असा तास सुरू करायचा, हे त्यांनी उन्हाळ्यापासून मनात घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. गावाचं मात्र भलतंच चाललं होतं. निम्मे पालक म्हणत, आमच्या पोरांना दुसऱ्यांचे देव कशाला? उरलेले म्हणत, आमचा देव दुसऱ्यानं का सांगायचा? शेवटी संस्थेचे अध्यक्ष बाबगोंडा अण्णांनी हात झटकले. महाराज म्हणतील ती पूर्व दिशा, म्हणाले. महाराजांनी हो म्हटलं तर तास सुरू, नाही म्हटलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"आणि भांडणं झाली तर?" महाराजांनी विचारलं.

सर याच प्रश्नाची वाट बघत होते. ते पुढं सरकले.

"होणारच नाहीत. अशी तजवीज केलीय, महाराज, की बघत राहाल! तासाला एकाही मुलानं तोंड उघडायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. मी सांगणार, ते ऐकणार. प्रश्न बंद. प्रश्न आला की वाद आला. पालकांना तसा शब्द दिलाय मी. मला त्या तासाला प्रश्न नकोत, आदर हवा!"

"एकाही मुलानं नाही?"

"एकाही नाही."

महाराजांनी कमंडलू जवळ ओढला.

"उद्या आहारानंतर बोलू," ते म्हणाले.

सर घरी आले ते हवेतच. त्यांना वाटलं, झालं काम.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच. आणि सकाळी आहाराला निघताना मनात एखादी अट धरतात. अमुक गोष्ट दिसली किंवा घडली, तर त्या दारात थांबायचं. नाही घडली, तर उपाशी परत फिरायचं. याला विधी म्हणतात. तो कोणाला सांगायचा नसतो. गावानं दारोदारी कलश-नारळ घेऊन उभं राहायचं आणि नशिबावर हवाला ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली सारवून, रांगोळ्या घालून तयार होती. महाराज उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकवून बस्तीतून निघाले आणि दारादारांतून 'इथं थांबा' अशा विनवणीचा एकच गजर उठला.

"हे स्वामी, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!"

महाराज पहिलं दार ओलांडून गेले. दुसरं गेलं. मगदूम सरांचंही गेलं. सरांच्या पत्नी राजमतीबाई कलश धरून उभ्या होत्या. त्या तशाच राहिल्या. महाराज गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि बस्तीत परत गेले.

विधी मिळाला नव्हता. गाव हळहळलं.

सर धावत बस्तीत पोचले.

"महाराज, संध्याकाळी कमिटीची बैठक आहे. त्या तासाचं..."

"आहारानंतर म्हणालो होतो."

"पण आहार तर झाला नाही!"

"नाही झाला," महाराज म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

बैठक पुढं ढकलली गेली. आणि गावात असा काही उत्साह संचारला, की विचारू नका. जो तो ज्योतिषी झाला. चौगुल्यांचा बापू म्हणाला, विधी उसाचा असणार. तो दोन्ही हातांत ऊस धरून उभा राहिला. कोणी पांढरं वासरू दारात बांधलं. उपाध्यांच्या सुनेनं लग्नातला शालू काढला. नवरा-बायकोचं बोलणं बंद असलेल्या एका घरात दोघं जोडीनं उभी राहिली, आणि एवढ्यानंच नवऱ्याच्या आईनं महाराजांना मनातल्या मनात हात जोडले.

सरांचं तर विचारूच नका. कामाचा माणूस! दुसऱ्या पहाटेपासून ते गल्लीगल्लीतून फिरत होते.

"पोरांना आवरा. काल फार किलबिल होती. महाराजांच्या वाटेत चूं होता कामा नये. हात जोडून उभी करा, आणि काही विचारायला लागली, तर घरात घ्या!"

गावानं त्यांचं ऐकलं. शिस्तीत सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या सकाळी माणगोळीतली पोरं अशी उभी होती, की शाळेच्या तपासणीलाही कधी नसतील.

महाराज आले. उसापुढून गेले, वासरापुढून गेले, शालूपुढून गेले... आणि परत फिरले.

आता मात्र गावाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. वय सत्तरीच्या पुढं. त्या दिवशी मगदूमांच्या घरात कोणाला घास गेला नाही. राजमतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आपलंच काहीतरी चुकतंय."

"काय चुकतंय? सगळं तर नीट केलंय!" सर ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "सगळं नीट केलंय गं..."

तास, कमिटी, शब्द, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. म्हातारा माणूस उपाशी आहे, एवढंच उरलं होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की नीटनेटकेपणानं काही भागत नाही.

पुढची सकाळ उजाडली. महाराजांची पावलं आज सावकाश पडत होती. गजर झाला, पण त्यात रडवेपण होतं.

मगदूमांच्या शेजारी मुलाणींचं घर. त्यांची नफिसा सरांच्याच शाळेत पाचवीत होती. ती दोन्ही घरांमधल्या भिंतीवर हनुवटी टेकवून उभी होती. सरांनी लांबूनच डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. नफिसानं मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

महाराज आले. मगदूमांच्या दाराशी आले.  महाराज पुढं सरकले, एक पाऊल, आणखी एक...

नफिसाचे हात तोंडावरून निसटले.

"बाबा, आमचा रोजा सांजच्याला सुटतोय. तुमचा कवा सुटायचा?"

सगळी गल्ली भिंतीकडे वळली.

"अंतराय! विघ्न आलं!" कोणीतरी कपाळावर हात मारला. नफिसाच्या आईनं धावत येऊन तिला मागं ओढलं.  दोन दिवस जे दाबून ठेवलं, तेच झालं होतं, आणि झालं होतं सरांच्याच दारात!

सरांनी मान वर केली.

महाराज थांबले होते.

ते वळले. मगदूमांच्या दारासमोर येऊन उभे राहिले.

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग राजमतीबाईंना हुंदका फुटला आणि त्या म्हणू लागल्या, "नमोस्तु स्वामी, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध..." सरांनी कशाबशा प्रदक्षिणा घातल्या. गल्लीत जयजयकार झाला. बापू चौगुल्यानं आनंदाच्या भरात हातातला ऊस वासराला देऊन टाकला. महाराजांच्या ओंजळीत पहिल्यांदा पाणी पडलं, आणि दारात दाटलेल्या बायकांनी पदरानं डोळे टिपले.

आहार आटोपला. महाराज ओसरीत पाटावर बसले. अर्धं गाव अंगणात.

"महाराज, विधी काय होता?" बाबगोंडा अण्णांनीच विचारलं. "दोन दिवस आमच्या जिवाला घोर. आता तरी सांगा. चांदीचा कलश होता व्हय?"

"मगदूमीणबाईंची हिरवी साडी असणार!"

"न्हाई वो, पाच शिरांचा नारळ!"

महाराज हसले.

"एखाद्या लहान मुलानं मला काही विचारावं. एवढाच होता."



लोक एकमेकांकडे बघेनात. दोन दिवस ज्यांनी आपापल्या पोरांना चिमटे काढले होते, दटावलं होतं, घरात कोंडलं होतं, ते सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. आणि मगदूम सर... सरांना आधी ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. मग त्यांना आठवलं, की गल्लीगल्लीतून कोण फिरलं होतं.

ते महाराजांच्या पायाशी बसले.

"मीच तुम्हाला उपाशी ठेवलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

 महाराजांनी भिंतीकडे बघितलं.

"ती मुलगी कुठं आहे? तिचं उत्तर राहिलंय."

नफिसाला पुढं ढकलण्यात आलं. ती कावरीबावरी होऊन लांबच उभी राहिली.

"तुझा रोजा ठरल्या वेळेला सुटतो," महाराज म्हणाले. "माझा कधी सुटायचा, ते मलाही ठाऊक नसतं. आज तू सोडवलास... रोज्यात तुम्ही पाणीपण पीत नाही?"

"न्हाई."

"का?"

नफिसानं तोंड उघडलं, मिटलं, मग एकदम म्हणाली, "आब्बांना विचारून सांगते!" आणि जी पळत सुटली, ती थेट घरात.

मग काय! बांध फुटला. अंगणातली पोरं आईबापांचे हात सोडून पुढं घुसली.

"महाराज, थंडी वाजत न्हाई?"

"केस हातानं उपटताना दुखतंय का?"

"तुम्ही कापडं का घालत न्हाई?"

शेवटच्या प्रश्नाला अंगणभर "अगं बाई!" उठलं. महाराज मात्र गदगदून हसत होते. हसता हसता एकेकाला उत्तर देत होते, आणि एका उत्तरातून पोरांचे चार प्रश्न निघत होते. मगदूम सर तोंडाचा आ वासून बघत राहिले. यातली निम्मी पोरं त्यांच्या वर्गात वर्षभर घुम्यासारखी बसलेली होती.

त्यांच्या अंगात काहीतरी उसळलं. ते ताडकन उभे राहिले.

"अण्णा, सगळ्यांसमोर सांगतो. पालकांना दिलेला शब्द मी मागं घेतोय. तास घ्यायचा तर प्रश्नांसकट घेईन. नाहीतर मला तो तास नको!"

बाबगोंडा अण्णांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, धास्तावला होता.

"आवो सर, झाकली मूठ सव्वा लाखाची असतीय. आज महाराज हाईत म्हणून निभावलं. उद्या मुलाण्याच्या पोरीनं आमच्या देवाबद्दल विचारलं, आमच्या नातवानं त्यांच्या अल्लाबद्दल विचारलं... गावात पेट घेतला तर कोण इझवणार?"

"त्यांना वर्गात विचारू दिलं नाही, तर ती बाहेर विचारतील, अण्णा. तिथं मी नसेन," सर म्हणाले.  कालपर्यंत त्यांच्या आवाजात जी घमेंड होती, ती आज कुठं दिसत नव्हती.

अण्णांनी महाराजांकडे हात जोडले.

"तुम्हीच सांगा, महाराज. हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. पण एवढं ध्यानात घ्या... एखाद्या पोरानं असा प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर सरांनाबी येत न्हाई, मला येत न्हाई, आन् माफी असावी, तुम्हालाबी येत न्हाई. मग?"

महाराजांनी पिच्छी उचलली, कमंडलू घेतला आणि ते उठले. पोरांनी त्यांना वाट करून दिली.

दाराशी ते थांबले...

"मग त्या दिवशी शाळा भरली म्हणायची."